ऐनेवाले उस्ताद

उस्तादांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "चप्पल काढा."

मला वाटलं, दुकानात चप्पल घालून यायची पद्धत नसेल. दुकान म्हणजे तरी काय, चार लाकडी खांबांवर टाकलेले पत्रे आणि खाली उघडी जमीन. मी चप्पल काढून बाजूला ठेवली. उस्तादांनी डावी उचलली, उलटी केली, उन्हात धरली आणि ज्योतिषानं पत्रिका बघावी तशी बघत बसले.

"डाव्या टाचंवर भार हाय तुमचा. घरात थोरल्या का धाकट्या?"

"थोरली. का?"

"काय न्हाई. आसंच इचारलं."

माझ्यासोबत माझे बाबा होते. शाळामास्तर माणूस, उगाच हसत नसत. पण त्या दिवशी त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

मोटारसायकलीला आरसे आणि पाय ठेवायचे फुटरेस्ट बसवून देणं, एवढाच उस्तादांचा धंदा. आरशाला ते ऐना म्हणत आणि फुटरेस्टला पायदान. बाकी गाडीशी त्यांचा संबंध नव्हता. कोणी पंक्चर घेऊन आलं की ते हनुवटीनंच शेजारचं दुकान दाखवायचे. कोणी म्हणालं, इंजिन आवाज करतंय, तर म्हणायचे, "करू द्या. आपली आन त्याची वळख न्हाई."

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. ऑफिसं भाड्याच्या घरांत आणि गोदामांत भरत. आमची पाणी तपासायची प्रयोगशाळा बंद पडलेल्या एका तेलघाण्याच्या मागच्या खोलीत होती, आणि तिथं कुठल्याही विहिरीच्या पाण्याला शेंगदाण्याचा वास यायचा. गावात रोज नवीन साहेब उतरत होते, नव्या पाट्या लागत होत्या आणि जुने लोक त्या पाट्या मोठ्यानं वाचत उभे राहत होते. उस्तादांनी या सगळ्याचा अर्थ आपल्या परीनं लावला होता. उजव्या बाजूला एकच आरसा असलेली गाडी दिसली की ते रस्त्यात उतरून हात आडवा करायचे.

"एका ऐन्यावर तालुका चालतो, मालक. आता जिल्हा झाला. दुसरा लावा."

कितीतरी लोकांना हा सरकारी नियमच वाटला. ते निमूटपणे गाडी स्टँडला लावत. एका तलाठ्यानं तर परिपत्रकाचा नंबर विचारला. उस्ताद म्हणाले, "अजून छापून यायचंय."

दुकान नांदेड नाक्याच्या अलीकडं होतं. पत्र्याखाली तारांवर आरसे टांगलेले: गोल, चौकोनी, लांबट, फुगीर. वारा आला की रस्त्यावर उन्हाचे कवडसे धावत आणि बैल बुजत. शेजारच्या न्हाव्याशी उस्तादांचं कायमचं वाकडं होतं, कारण लोक त्याच्याकडं दाढी करायचे आणि ती नीट झाली का ते उस्तादांच्या आरशांत येऊन बघायचे. मग परत जाऊन भांडायचे. उस्ताद स्वतः रस्त्याकडं पाठ करून बसत. ते आरसे त्यांनी असे काही टांगले होते की मान न वळवता नाक्यापर्यंतचा सगळा रस्ता दिसे. पाठमोऱ्या माणसानं "या पाटील, आज बायकोच्या भावाची गाडी वाटतं?" असं म्हटल्यावर नवखा पाटील चांगलाच दचकायचा.

समोरच्याचा नमस्कार असेल तोच ते परत देत. बाबा "जय भीम" म्हणाले, तर यांचंही तितक्याच खणखणीत आवाजात "जय भीम, गुरुजी." कोणाला रामराम, कोणाला सलाम, नांदेडच्या सरदारजी ट्रकवाल्याला सत श्री अकाल. त्यांचं स्वतःचं कुठलं, ते कळायला मार्ग नव्हता. नाव विचारलं तर म्हणत, "रेशनकार्डावर हाय. तिथंच राहू द्या, सुखात हाय."

आरशांचं एवढं वेड का, याच्याही गोष्टी गावात होत्या. ते आधी एसटीचे ड्रायव्हर होते आणि आरशात न बघता बस मागं घेतली, अपघात झाला. त्यांची बायको कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून गेली. निजामाच्या पोलिसांनी लहानपणी पाठलाग केला होता. मला नंतर कळलं की या तिन्ही गोष्टी त्यांनीच तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना सांगितल्या होत्या. मी खरं काय ते विचारलं, तेव्हा क्षणभर विचार करून म्हणाले, "तुम्हाला कोणती आवडली?"

मी त्यांच्याकडं गेले होते ती माझ्या नोकरीसाठी. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. विहिरींच्या तळाशी जे काही उरलं होतं ते लोक पीत होते, आणि गावोगाव जुलाब-वांत्या सुरू झाल्या होत्या. मी प्रयोगशाळेत सहायक होते, त्या ऑफिसातली पहिली बाई. गावात जायचं, विहिरीचं पाणी बाटलीत घ्यायचं, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी परत आणायचं. एसटीनं ते जमत नव्हतं. देवणीकडच्या एखाद्या खेड्यात सकाळची बस सोडून गेली की दुसऱ्या दिवशीच परत यायची. तोवर बर्फाचं पाणी झालेलं, आणि नमुना फेकून द्यावा लागे.

आमचे साहेब छत्रपती संभाजीनगरहून, तेव्हाच्या औरंगाबादहून, बदलून आलेले. सदैव इस्त्रीचा सफारी, केसांचा कोंबडा. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, दोष तुमचा नाही. पण हे फिरतीचं काम पुरुषाचं आहे. पुढच्या महिन्यापासून तुम्ही आवक-जावक बघा."

"आणि मला मोटारसायकल येत असेल तर?"

ते हसले. "येते का?"

"महिन्याभरात येईल."

बाबांची जुनी मोटारसायकल होती. तिच्यावर बसले की माझे पाय जमिनीपासून चार बोटं वर लटकायचे. दोन मेस्त्रींनी हात जोडले. एकानं सल्ला दिला, "मोपेड घ्या, बाई. बायकांना तेच शोभतं." देवणीकडच्या दगडी वाटांवर मोपेड चढणार नव्हती हे त्याला सांगून उपयोग नव्हता. तिसऱ्या जागी आम्ही उस्तादांकडं गेलो.

चप्पल वाचून झाल्यावर त्यांनी गाडी स्टँडवर घेतली आणि मला बसायला सांगितलं. मी साडीत होते. मी अवघडले.

"साडीवर चालवनार का कसं, ते तुम्ही ठरवा," ते म्हणाले. "मला ऐने आन पायदान लावायचंय. इज्जतीचं सामान मी ठेवत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी सलवार-कमीज घालून गेले. गल्लीतल्या बायकांनी पाठीमागं जे म्हणायचं ते म्हटलं. उस्तादांनी कपड्यांकडं बघितलंही नाही. त्यांनी पायदानाच्या रबरावर कपड्यांची नीळ फासली आणि म्हणाले, "बसा. उतरा. परत बसा. पाय जातोय तसा जाऊ द्या." वीस वेळा बसवलं, वीस वेळा उतरवलं. मग माझी चप्पल बघितली आणि पायाच्या आतल्या बाजूला लागलेला निळा डाग बघितला.

"पाय जमिनीला पोचत न्हाई, कारण हे बेणं मधी येतंय," पायदानावर पाना आपटत ते म्हणाले. "ह्याच्यामुळं तंगडी भायेर ढकलली जातीया. गाडी उंच न्हाई. पायदान आडवं हाय."

तीन दिवस लागले. पायदान दोन बोटं मागं गेलं. गिअरचा दांडा दोन दाते फिरवून त्याच्या जोडीनं मागं घेतला, ब्रेकही तसाच. सीटच्या आतला काथ्या थोडा काढला. चौथ्या दिवशी मी बसले आणि माझ्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले. मी ओरडलेच. उस्ताद निर्विकार. "अजून ऐने राह्यलेत," म्हणाले.

आरशात मला माझं कोपर दिसत होतं. त्यांनी लांब दांडीचा आरसा लावला. तो थरथरायला लागला. मग ट्यूबच्या रबराची चकती कापून दांडीखाली घातली, थरथर थांबली. उजवीकडं फुगीर काच, डावीकडं सपाट. "फुगीरमधी समदं दिसतं, पन लांब वाटतं. म्हागून येनारा ट्रक लांब हाय म्हनून भरोसा ठेवू नका. सपाटात बघून घ्या."

शिकले मी कोरड्या तलावात. गावाबाहेरच्या त्या तलावाच्या तळाला इतक्या भेगा पडल्या होत्या की जमीन फुटक्या कौलांसारखी दिसायची. पडलं तर लागायला काही नव्हतं, बघायलाही कोणी नव्हतं. बाबा काठावर वर्तमानपत्र वाचत बसत आणि मी पडले की पान उलटत. उस्ताद माझ्यामागं पन्नास पावलांवर चालत आणि हातात काहीतरी वर धरत. मी मान न वळवता ओळखायचं.

"काय हाय?"

"लाल फडकं!"

"आता?"

"पाना!"

"आता?"

मी आरशात नीट बघितलं. "कोंबडी!"

"बराबर. कुनाची?"

"ते कसं सांगणार?"

"मंग अजून शिकायचंय," ते ओरडले. मागून कोंबडीची मालकीण धावत येत होती, तीही मला आरशात दिसली. पण तोवर उस्तादांनी कोंबडी सोडून दिली होती आणि ते आकाशाकडं बघत उभे होते.

महिना संपायच्या आत मी गाडीवर ऑफिसात गेले. साहेब खिडकीतून बघत होते. फिरतीचं काम माझ्याकडं राहिलं. नोकरी कायम झाली नव्हती; तो कागद साहेबांच्या सहीनं निघायचा होता.

साहेबांनाही मोटारसायकल मिळाली होती. माझे आरसे बघून त्यांनी दुकान विचारलं. मी त्यांना घेऊन गेले, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

साहेबांनी मोठे चकचकीत आरसे निवडले. उस्ताद ते बसवून मागचा रस्ता दाखवायला लागले, तर साहेब म्हणाले, "असे नको. थोडे आत वळवा. अजून आत. हां."

उस्ताद वाकून बघायला गेले. "साहेब, ह्याच्यात तर तुमीच दिसून राहिले."

"मग? माणूस नीट दिसायला नको? गावागावांत जावं लागतं आम्हाला."

"म्हागचं न्हाई दिसनार."

"मागं कोण येणार आहे?"

"पुन्यांदा इचारतो. तुमी दिसायचं का रस्ता?"

"मी," साहेब म्हणाले.

"हुकूम," उस्ताद म्हणाले आणि नट आवळला. असा आवळला की पुन्हा पान्याशिवाय हलू नये. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो निरागसपणा होता, तो मी नंतर फक्त तान्ह्या मुलांत बघितला.

पंधरा दिवसांनी मुंबईहून मंत्री टंचाईची पाहणी करायला आले. देवणीच्या पुढं एका गावात कार्यक्रम ठरला होता. गाव चुकू नये म्हणून पुढं मोटारसायकलवर साहेब, मागं तीन जीप, आणि सगळ्यात मागं, धूळ खात, बर्फाचा डबा बांधून मी. साहेब ताठ बसले होते. मान जरा उजवीकडं, जरा डावीकडं. मला लांबूनही कळत होतं की प्रत्येक वेळी आरशात त्यांचं समाधान होतंय.

वाटेत एका फाट्यावर टँकरभोवती बायकांची झुंबड होती. घागरी, हंडे, आरडाओरड. मंत्र्यांनी ते बघितलं आणि जीप डावीकडं वळवायला लावली. पहिली वळली, दुसरी वळली, तिसरी वळली. साहेब सरळ गेले. मी हॉर्न वाजवला, पण माझा हॉर्न म्हणजे शेळीचं करडू. ते टेकाडाआड नाहीसे झाले.

मी काय करावं? मंत्र्यांजवळ माझं काही काम नव्हतं. मी साहेबांच्या मागं गेले.

गावात पोचले तर हलगी कडकडत होती. वेशीवर केळीचे खांब, मधोमध साहेब, गळ्यात कोपरापर्यंत हार. गावकऱ्यांनी मंत्री कधी बघितला नव्हता. सफारी, कोंबडा, चकचकीत गाडी बघून त्यांनी ठरवून टाकलं होतं. साधा माणूस दिसतोय, मोटारसायकलवर आलाय, असं कौतुकही चाललं होतं. साहेब "अहो, ते मागून..." एवढं म्हणायचे आणि हलगीवाला जोर धरायचा. त्यांनी एकदा आरशात बघितलं. हार घातलेले साहेब दिसले असणार.

एका म्हातारीनं त्यांचा हात धरला तो सोडेचना. "लेकरा, दोन कोस जाते मी पान्याला. डोळ्याला दिसंना झालंय. एक बोर दे. तू देतो म्हनल्याबिगर हात सोडत न्हाई." हलगी थांबली. साहेबांना घाम फुटला होता. ते वाईट माणूस नव्हते. त्या हाताचं त्यांना काय करावं कळत नव्हतं.

"देतो, आजी," ते म्हणाले. "बोअर मंजूर."

टाळ्या पडल्या तेव्हा मी गर्दीतून त्यांच्याजवळ पोचले आणि कानात सांगितलं, "साहेब, जीप फाट्यावरून तिकडं वळल्या."

"कधी?"

"अर्धा तास झाला."

"मागं कोणीच नाही?"

"मी आहे, साहेब."

वरच्या ऑफिसनं त्यांच्याकडून खुलासा मागवला. मंत्र्यांना ठरलेलं गाव दिसलंच नव्हतं आणि साहेबांनी अधिकार नसताना बोअर जाहीर केली होती. साहेबांनी मला आत बोलावलं, दार लोटलं.

"हे सगळं त्या आरशांमुळं झालं. तुम्ही तिथं होता. एक जबाब लिहून द्या: दुकानदारानं आरसे चुकीचे बसवले, त्यामुळं मागची वाहनं दिसली नाहीत. बस्स. ती टपरी तशीही सरकारी जागेत आहे, ती उचलायला मी नगरपालिकेला लिहितो." मग थांबून म्हणाले, "तुमचा कायम होण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे."

मी तिथून सरळ उस्तादांकडं गेले. ते एका गाडीच्या पायदानाखाली आडवे झाले होते. मी सगळं सांगितलं. ते बाहेर आलेच नाहीत. गाडीखालूनच बोलले.

"नोकरी कायम होऊन राहिली?"

"हो."

"मंग द्या लिहून. टपरीचं काय. चार पत्रे. ऐने कुठंबी लटकतेत."

"उस्ताद, सगळं जाईल तुमचं."

"जाऊ द्या." मग पाना थांबला. ते गाडीखालून बाहेर आले आणि पहिल्यांदाच मी त्यांचा चेहरा गंभीर बघितला. "एकच करा. टपरी बेकायदेशीर हाय म्हना. मी बेकायदेशीर हाय म्हना. पन चुकीचं बसवलं म्हनू नका. ते खोटं हाय, बाई."

त्या दिवशी घरी मी पाच कागद फाडले. बाबांनी सहावा कागद पुढं सरकवला. मी लिहिलं: "आरसे माननीय साहेबांनी सांगितल्याप्रमाणेच बसवले होते. ते पक्के होते व थरथरत नव्हते. त्यांत साहेब स्पष्ट दिसत होते."

वरच्या ऑफिसात तो जबाब म्हणे एकदा वाचला, आणि मग चहा मागवून पुन्हा वाचला. साहेबांना समज देण्यात आली. टपरीविरुद्धचं पत्र निघालं नाही. मला मात्र दुसऱ्याच दिवशी आवक-जावकच्या टेबलावर बसवलं आणि कायम होण्याचा कागद कुठल्या तरी फायलीत दिसेनासा झाला. बाबांची गाडी धूळ खात पडली. मी पाकिटांवर नंबर टाकत बसले आणि मला स्वतःचाच राग यायचा, एका माणसाच्या नट आवळण्याच्या अभिमानापायी मी हे काय करून बसले म्हणून. उस्तादांकडं मी कितीतरी दिवस गेले नाही.

पण त्या गावचे सरपंच मंगळवारचा मंगळवार ऑफिसात यायचे. सोबत तो हार आणायचे. वाळून कडक झालेला हार साहेबांच्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "आजीनं याद दिलीया." तीन मंगळवारांनंतर साहेबांनी फाईल हातात घेतली. तीन वेळा संभाजीनगरला जाऊन आले, कोणाकोणाचे पाय धरले ते त्यांनाच माहीत. बोअर मंजूर झाली. बोअर पाडायची गाडी आली, भोक खडकात खोल गेलं आणि पाणी लागलं.

आता ते पाणी पिण्यालायक आहे का, हे तपासल्याशिवाय पंपाला हात लावता येत नव्हता. माझ्या जागी आलेल्या माणसानं दोनदा एसटीनं नमुना आणला, दोन्ही वेळा वाया गेला. गाव हापशाभोवती घागरी मांडून बसलं होतं. साहेब माझ्या टेबलापाशी आले.

"गाडी आहे ना तुमची?"

"आहे."

"मग बसलाय काय? उठा."

मी दुपारपर्यंत नमुना आणून दिला. दोन दिवसांनी निकाल आला: पाणी चांगलं. साहेबांनी निकालावर सही केली, आणि त्याखालून दुसरा एक कागद काढून त्यावरही केली. तो माझा होता.

त्या संध्याकाळी मी उस्तादांकडं गेले. तिथं रस्त्याच्या कडेला साहेब एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा अशा अवस्थेत उभे होते, आणि उस्ताद बुटाचा तळ उन्हाकडं धरून बघत होते. "साहेब," ते म्हणत होते, "तुमचा भार म्होरच्या बोटांवर हाय. नेहमी कुठं तरी पोचायची घाई." साहेबांनी मला बघितलं आणि मोजा लपवायचा प्रयत्न केला. त्यांचे आरसे आता बाहेर वळलेले होते.

पुढच्या वर्षी रस्ता रुंद करायला घेतला आणि नाक्यावरच्या सगळ्याच टपऱ्या गेल्या: न्हाव्याची, पंक्चरवाल्याची, उस्तादांची. त्यात कोणाचा राग नव्हता, फक्त नकाशा होता. उस्तादांनी नांदेडला घरी परत जायचं ठरवलं. आरशांची खोकी ट्रकनं पुढं गेली. ते मात्र एसटीत बसायला तयार नव्हते. "डायवरचे ऐने वाकडे असतेत. बसल्या जाग्यावरून डोकं उठतं."

नांदेडला माझी मावशी होती. मी म्हटलं, "माझ्या गाडीवर चला. तुम्ही चालवा, मी मागं बसते."

उस्तादांनी फेटा सारखा केला. मग लांब बघत म्हणाले, "मला येत न्हाई."

"काय येत नाही?"

"गाडी. बसलोच न्हाई कधी."

अख्ख्या जिल्ह्याचे पाय जागेवर बसवणारा माणूस! "मग तुम्हाला कळतं कसं, कुठं काय लावायचं?"

"शिंपी काय झंपर घालून बघतो का?" ते चिडून म्हणाले.

सकाळी लवकर निघालो. दोन्ही हातांनी त्यांनी सीटच्या मागची दांडी धरली होती. पहिल्या खड्ड्याला त्यांच्या तोंडून तीन धर्मांचे देव एकापाठोपाठ निघाले. मला राहवेना. मी हळूच डावा आरसा आत वळवला आणि त्यात ते मला दिसायला लागले: फेट्याचं टोक दातांत धरलेलं, डोळे मोठे, समोरून ट्रक आला की मान खांद्यात. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. मी आरशात बघायची आणि हसू आवरायची. वाटेत चहाला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "लई आरामात चाललंय." दांडीवरची त्यांची बोटं मात्र एकेक करून सोडवावी लागली.

नांदेडला त्यांच्या गल्लीत पोचलो. दारात त्यांची बायको उभी होती. कुणाच्याही गाडीवर कुठंही न गेलेली, ठणठणीत. तिनं त्यांच्या धुळीनं माखलेल्या चेहऱ्याकडं बघून विचारलं, "भ्याले का?"

"मी?" उस्ताद म्हणाले.

बायकोनं मला आत बोलावलं, भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. निघताना उस्ताद गाडीपर्यंत आले. गाडीभोवती फेरी मारली, पायदान हलवून बघितलं, आणि डाव्या आरशासमोर थांबले.

"ह्यो कुनी फिरवला?"

मी पर्समध्ये किल्ली शोधायला लागले.

"पयल्या खड्ड्यापासून बघून राहिलो मी," ते म्हणाले. "ह्यातून मी तुमाला दिसत व्हतो, तर तुमी बी मला दिसत व्हत्या. शंभर मैल हसून राहिल्या बाई, आन म्हागून तीन ट्रक हॉर्न मारून गेले."

उस्तादांनी खिशातून पाना काढला. आरशाचा नट सैल केला, वाकून, मी बसल्यावर माझा डोळा येतो त्या उंचीवर आपला डोळा आणला आणि काच अगदी थोडी बाहेर वळवली, मग अजून थोडी. गल्ली दिसायला लागली, गल्लीच्या टोकाचा नळ, नळावर उभ्या बायका, मागून येणारा सायकलवाला. मग त्यांनी नट आवळला.

"आता जावा," ते म्हणाले.